दोन आसनी नॅटपासून लढाऊ नॅट करताना

तुमच्याकडे नॅट या छोट्या जेट विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं, एअरफिक्स कंपनीचं 1/72 स्केलचं किट आलंय, पण ते ट्रेनर, म्हणजे वैमानिकांना शिकवायचं विमान आहे: दोन आसनं, डब्यावर लाल रंगातलं, ब्रिटिश हवाई कसरतींच्या रेड ॲरोज पथकाचं विमान. तुम्हाला त्यातून फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचं 1971 च्या युद्धातलं एक आसनी लढाऊ नॅट करायचंय. धड कुठे कापायचं, फट कशाने भरायची आणि कॉकपिटवरची काच कुठून आणायची, हे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. तुम्ही आजवर सात-आठ किट जोडलीत, पण कापाकापी कधी केलेली नाही, हेही तुम्ही लिहिलंय. उत्तर देताना ते मी लक्षात ठेवतो.

हे काम करता येतं, मी स्वतः केलंय. पण धड कुठे कापायचं हा प्रश्न पहिला नाही. त्याआधी कागद घ्या आणि लिहून काढा की ट्रेनरमध्ये आणि फायटरमध्ये नेमका फरक काय, आणि तो का आहे. नॅटच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपण इतिहासाच्या उलट दिशेने चाललोय. आधी फायटर झालं, मग त्यालाच वाढवून ट्रेनर केलं गेलं. कारखान्यातल्या इंजिनिअर लोकांनी जे जे वाढवलं ते ते तुम्हाला परत काढायचंय. त्यातली एक गोष्ट राहून गेली की मॉडेल बघणाऱ्याला कुठेतरी खटकतं. नेमकं काय चुकलंय ते त्याला सांगता येत नाही, पण ते ‘नॅटसारखं’ दिसत नाही हे त्याला कळतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, तिचा पुढे उपयोग आहे. इंग्लंडमधल्या फॉलंड कंपनीत टेडी पेटर नावाचे डिझायनर होते. लायसँडर आणि व्हर्लविंड ही त्यांचीच विमानं, कॅनबेराची सुरुवातही त्यांचीच. लढाऊ विमानं दिवसेंदिवस जड आणि महाग होत चाललीत, त्याऐवजी छोटं, हलकं, स्वस्त फायटर करता येईल, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यातून 1955 च्या जुलैमध्ये नॅट पहिल्यांदा उडालं. ब्रिटिश हवाई दलाने फायटर म्हणून ते घेतलं नाही, त्यांनी त्याचं ट्रेनर करवून घेतलं. फायटर खऱ्या अर्थाने वापरलं ते आपण. आपल्याकडे बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ते परवान्याने बनू लागलं. फिनलंडने 13 घेतली, युगोस्लाव्हियाने दोन. म्हणजे एअरफिक्सच्या डब्यात ब्रिटिशांचं नॅट आहे आणि तुम्हाला हवंय ते आपलं.

आता फरक पाहू. छापील आकड्यांप्रमाणे फायटरचा पंखविस्तार 22 फूट 1 इंच, ट्रेनरचा 24 फूट. फायटरची लांबी 28 फूट 8 इंच, ट्रेनरची 31 फूट 9 इंच. पंखांचं क्षेत्रफळ फायटरचं 136.6 चौरस फूट, ट्रेनरचं 175. हे 72 ने भागा. ट्रेनरचा पंखविस्तार बरोबर 4 इंच येतो, म्हणजे 101.6 मि.मी. फायटरचा येतो 93.5 मि.मी. लांबी 134.4 आणि 121.4 मि.मी. हे आकडे पाहिले की कुणालाही वाटतं, पंखांची टोकं चार-चार मि.मी. कापायची, धडातून 13 मि.मी.चा तुकडा काढायचा, झालं काम. माझीही पहिल्यांदा तीच समजूत होती.

क्षेत्रफळाचा आकडा वेगळंच सांगतो. स्केलमध्ये फायटरचा पंख साधारण 24.5 चौरस सें.मी., ट्रेनरचा 31.4. विस्ताराने भागलं तर फायटरच्या पंखाची सरासरी रुंदी 26 मि.मी. आणि ट्रेनरची 31 मि.मी.च्या आसपास निघते. म्हणजे पंख नुसता लांब नाही, पुढून मागे रुंदही आहे. टोकं कापून तो आखूड होईल, पण रुंदच राहील, आणि मॉडेल पसरट दिसेल. नॅटचा सगळा डौल त्या चिमुकल्या पंखात आहे. ट्रेनरला मोठा पंख दिला तो शिकाऊ वैमानिकाला कमी वेगाने उतरता यावं म्हणून. त्याच वेळी एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलतं करणारे पंखाचे हलते भाग, बाहेरच्या बाजूला गेले आणि आत नेहमीचे फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली झुकणारे भाग, आले. फायटरमध्ये असं नाही. तिथे एलेरॉन धडाच्या जवळ, आतल्या बाजूला आहेत, आणि उतरताना तेच खाली झुकून फ्लॅपचंही काम करतात. पंख मोठा झाला म्हणून शेपटीचे उभे-आडवे भागही मोठे करावे लागले. आणि ट्रेनरला तोफा नाहीत. फायटरला 30 मि.मी.च्या दोन एडन तोफा आहेत, हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या, म्हणजे इनटेकच्या, बाहेरच्या भिंतीत बसवलेल्या.

थोडक्यात, नाक, कॉकपिट, काच, पंख, शेपूट, तोफा हे सगळं बदलतं. इनटेकपासून मागचं धड, इंजिनाचं नळकांडं आणि चाकं एवढंच जवळजवळ तसंच राहतं.

म्हणून एक गोष्ट मनापासून सांगतो. सेखोंचं विमान शेल्फवर असावं एवढीच इच्छा असेल तर हे कापू नका. चेक प्रजासत्ताकातल्या स्पेशल हॉबी कंपनीने 1/72 मध्ये एक आसनी नॅट काढलंय. फिनलंडचं टेहळणी नॅट आणि आपलं अजित ही दोन्ही त्यांच्याकडे आहेत. फिनिश किटमध्ये कॅमेऱ्याचं नाक येतं, ते घासून साधं करायचं. अजित हे नॅटचंच पुढचं रूप. त्याच्या पंखांखाली चार ठिकाणी वजन टांगता येतं आणि वैमानिकाची खुर्ची मार्टिन-बेकर कंपनीची आहे. या दोन गोष्टी परत मागे नेल्या की नॅट जवळ येतं. हेही परिवर्तनच आहे, पण आठवड्याभराचं.

पण तुमच्या लिहिण्यातून मला वाटलं की तुम्हाला कापायचंच आहे, हात बसवायचाय. मग हे किट त्यासाठी उत्तम आहे, फक्त ते तुमचं पहिलं परिवर्तन नसावं. पायऱ्या आहेत या कामाला. पहिली पायरी फक्त रंगाची: दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेन लढाऊ विमानाचं किट घ्या आणि ते 1944 मधलं, ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचं, आपल्या हवाई दलाचं करा. तिथे विमानांवरच्या ओळखीच्या रंगीत गोलातला लाल रंग काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल ठिपका असे आणि घाईच्या क्षणी आपल्याच तोफखान्याची फसगत व्हायची. प्लास्टिकला हात न लावता एक वेगळं विमान होतं. दुसरी पायरी स्पिटफायरच्या नवव्या प्रकारातून आठवा करणं. आपल्या 8 नंबरच्या स्क्वाड्रनने 1945 मध्ये ब्रह्मदेशात आठवा प्रकारच वापरला. त्यात मागचं चाक आत ओढलं जाणारं, सुकाणू (शेपटीच्या उभ्या पानाचा हलता भाग) टोकदार, एलेरॉन थोडे आखूड. तीन छोटी कामं, आणि प्रत्येकात एक नवं कौशल्य: चाकासाठी खाच कोरणं, सुकाणू नवं करणं, जुनी रेघ बुजवून नवी ओढणं. हे जमलं की नॅटकडे या. तोवर ट्रेनरचा डबा कपाटात राहू द्या.

समजा तुम्ही तिथवर पोचलात. आता धड.

एकूण लांबीच्या आकड्यावर कापाची खूण करू नका. नाकावरची पिटो नळी (वेग मोजायची) लांबीत धरली की नाही, हे ठिकठिकाणी वेगळं असतं, आणि त्यात दोन-तीन मि.मी. सहज इकडेतिकडे होतात. फायटरचं बाजूने काढलेलं रेखाचित्र 1/72 च्या मापात छापून घ्या आणि छापल्यावर पट्टीने तपासा, कारण प्रिंटर बऱ्याचदा पान 97 टक्क्यांवर छापतो. मग इनटेकची कड हा पक्का संदर्भ धरा. ती दोन्ही विमानांत आहे, ती हलत नाही. तिच्यापासून पुढे नाकाच्या टोकापर्यंत किती, कॉकपिटची मागची भिंत किती, हे कर्कटकाने रेखाचित्रावरून उचला आणि प्लास्टिकवर टेकवा. ट्रेनरचं मागचं कॉकपिट आहे तिथलाच तुकडा निघणार, हे लगेच दिसेल.

धडाचे दोन अर्धे भाग आधी एकमेकांना चिकटवा, मग कापा. माझी पहिली चूक इथेच झाली होती. मी दोन्ही अर्धे वेगवेगळे कापले, प्रत्येक वेळी अगदी जपून, आणि जोडल्यावर एक बाजू दुसरीपेक्षा अर्धा मि.मी. आखूड निघाली. अर्धा मि.मी. म्हणजे खऱ्या विमानावर 36 मि.मी., दोन बोटं. नाक डावीकडे वळलेलं दिसत होतं. ते सरळ करण्यात दोन रविवार गेले आणि तरी ते पूर्ण सरळ झालं नाही. धड आधी जोडलेलं असलं की ती एक नळी होते. तिच्याभोवती लेबल छापायची जाड, ताठ चिकटपट्टी गुंडाळायची, तिची कड म्हणजे तुमची पट्टी. त्या कडेने सुईने चार-पाच वेळा हलकी रेघ फिरवायची, मग त्या रेघेत बारीक दातांची करवत धरायची. हॅकसॉचं पातं नको, त्याची जाडी एवढी की अर्धा मि.मी. प्लास्टिक भुशातच जातं. जोर द्यायचा नाही, करवतीच्या वजनावर कापू द्यायचं. आणि खुणेच्या रेघेवर न कापता तिच्या बाहेरून कापायचं, उरलेलं घासून रेघेपर्यंत आणायचं.

तुकडा निघाला, दोन्ही टोकं समोरासमोर धरली, की लक्षात येईल की ती जुळत नाहीत. धड मागे जाताना रुंद होत जातं, मधला तुकडा काढला की पुढची कड लहान आणि मागची मोठी राहते. इथे घाबरून पुट्टी थापू नका. पुढच्या भागाची खालची शिवण पात्याने पुन्हा उघडा, तिच्यात पातळ प्लास्टिक शीटची पट्टी पाचरीसारखी घाला, म्हणजे मागची कड थोडी पसरते. आतून दोन्ही टोकांना शीटच्या चार-पाच पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या चिकटवा, अर्धी पुढच्या भागात, अर्धी मागच्यात. जोडाला ताकद तिथून येते, पुट्टीतून नाही. मग जी पायरी उरेल ती कानशीने दोन्ही बाजूंना लांबवर घासत न्या. फक्त जोडावर घासलं तर तिथे खळगा पडतो आणि रंग दिल्यावर तो उठून दिसतो.

प्लास्टिक शीट बाहेरून मागवायची गरज नाही. दह्याचे, आइस्क्रीमचे काही कप पॉलिस्टायरीनचे असतात. तुकडा कापून त्यावर किटचा पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेल जोडायचा गोंद, ब्रशने लावा. पृष्ठभाग विरघळून चिकट झाला तर ते आपलं प्लास्टिक, काहीच झालं नाही तर सोडून द्या. सपाट शीट हवी असेल तर दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे तुकडे मिळतात, तिथेही हीच परीक्षा करा. सिमेंट लावताना खिडकी उघडी ठेवा आणि नाक बाटलीपासून लांब.

फट भरायला काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. माझ्याकडे तीन गोष्टी असतात. खोल फटीला शीटचाच तुकडा, कारण फटीत जितकं प्लास्टिक तितकी पुट्टी कमी. मोठ्या आकाराला एम-सील. ते कणकेसारखं मळायचं, रंग एकसारखा होईपर्यंत, मग बसवायचं आणि बोट पाण्यात बुडवून त्यावरून फिरवायचं. हे ओलं बोट फिरवणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण एम-सील सुकलं की प्लास्टिकपेक्षा कडक होतं. मग वॉटर पेपरने घासताना बाजूचं मऊ प्लास्टिक आधी झिजतं आणि एम-सील उंचवटा होऊन राहतं. ओलं असतानाच त्याला शेवटचा आकार द्या, घासण्यासाठी काही ठेवू नका. तिसरं फेविक्विक आणि खाण्याचा सोडा. फटीत सोडा भुरभुरायचा, सुईच्या टोकाने फेविक्विकचा थेंब सोडायचा, तो पाहता पाहता दगड होतो. हे तासाभरात घासून टाका, दुसऱ्या दिवशी ते फार कडक झालेलं असतं. याचा एक मोठा फायदा असा की त्यावरून पॅनेलची, म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या जोडाची, रेघ कोरता येते. साध्या पुट्टीवरून रेघ कोरली की कडा भुरभुरतात.

पंखाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ट्रेनरचा पंख कापून छोटा करू नका, नवा करा. मागची कड कापली तर कड जाड होते आणि पंखाचा उंचवटा चुकीच्या जागी येतो. पुढची कापली तर गोलाई जाते. साडेनऊ सें.मी.चा पंख आहे, नव्याने करायला एक संध्याकाळ लागते. रेखाचित्रावरून 1 मि.मी. शीटचा पूर्ण पंख एका तुकड्यात कापा, डावा-उजवा जोडलेला. नॅटचा पंख धडाच्या वरच्या भागावर बसतो, त्यामुळे हे सोपं जातं. त्यावर मुळाकडे आणखी एक थर, खाली एक थर, टोकाकडे जाताना दोन्ही थर संपतील असे. सिमेंट लावून दोन काचांमध्ये दाबून रात्रभर ठेवा. सकाळी घासायला घ्या. पुढची कड गोल, मागची धारदार, सगळ्यात जाड भाग पुढच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ. बोटांनी तपासत जा. डोळ्याला दिसत नाही तो उंचवटा बोटाला कळतो.

पंख सपाट नाही, टोकं किंचित खाली झुकलेली आहेत. मधोमध खालच्या बाजूने उथळ खाच कोरून दोन्ही बाजू हलकेच वाकवा. समोरच्या रेखाचित्रावरून कोन घेऊन पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण कापा, पंख त्यांच्यावर टेकवून सिमेंट सुकू द्या. हा झोक चुकला तर इतकी मेहनत फुकट जाते, कारण नॅट समोरून ओळखलं जातं. नवा पंख असल्यामुळे जुने एलेरॉन बुजवायची कटकट नाही. आतल्या बाजूच्या एलेरॉनच्या रेघा थेट योग्य जागी ओढा.

शेपटीचं उभं पान आणि आडवी पानं मात्र किटचीच वापरा, रेखाचित्रावर ठेवून कापा आणि कडा पातळ करा. तिथे अंतर थोडं आहे.

कॉकपिटमध्ये किटमधली एक खुर्ची चालते, कारण दोन्ही विमानांत फॉलंडचीच हलकी खुर्ची होती. पट्टे कागदी मास्किंग टेपच्या धाग्याएवढ्या पट्ट्यांचे करा. आत फार काही दिसत नाही, त्यात आठवडा घालवू नका.

काच मात्र वेळ मागते. ट्रेनरची लांब काच कापून छोटी होत नाही, तिची वरची रेषाच वेगळी आहे. नवी काच ओढायची. लाकडाच्या काडीवर एम-सीलचा गोळा लावून फायटरच्या काचेचा साचा करा. आकार रेखाचित्रापेक्षा केसभर लहान ठेवा, कारण वर प्लास्टिकची जाडी येणार. साचा आरशासारखा गुळगुळीत हवा, 1000 नंबरच्या वॉटर पेपरनंतर टूथपेस्ट लावून सुती कापडाने घासा. त्यावरचा एक ओरखडासुद्धा काचेत उतरतो. एका जाड पुठ्ठ्याला साच्याच्या आकाराचं, चहूबाजूंनी 1 मि.मी. मोठं भोक पाडा. एखाद्या खेळण्याच्या किंवा ब्रशच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक त्या भोकावर टाचण्यांनी घट्ट ताणा. गॅसच्या मंद आचेवर, ज्योतीपासून वीतभर वर धरा. प्लास्टिक आधी थोडं थरथरल्यासारखं दिसतं, मग मध्ये सैल पडतं, आणि मग पुन्हा चमकदार ताणलेलं होतं. तो क्षण साचा खालून वर दाबायचा. एका झटक्यात, मध्ये थांबायचं नाही. पाच वेळा केलं तर एक चांगली येते. माझी अकराव्यांदा आली, आणि ती अजून त्या मॉडेलवर आहे. गॅसपाशी हे करताना घरातलं लहान मूल स्वयंपाकघरात नसावं आणि खिडकी उघडी असावी.

तोफांची तोंडं इनटेकच्या बाहेरच्या बाजूला, पुढे. इंजेक्शनच्या सुईचा तुकडा लावला तर पोकळ नळी खरी दिसते. मात्र टोक कापताना डोळ्यांवर चष्मा हवा, धातूचा तुकडा उडतो. तोफेपुढची खोबण गोल कानशीने कोरा.

आता एक गोष्ट जी मंडळी शेवटी आठवतात, तेव्हा धड बंद झालेलं असतं. नॅट पुढच्या चाकावर उभं राहतं. नाकात वजन नसेल तर ते मागे शेपटीवर बसतं. तुम्ही नाक आखूड केल्यामुळे वजनाची जागाही कमी झाली. सायकलच्या दुकानातून बेअरिंगचे छर्रे आणा आणि कॉकपिटच्या पुढे एम-सीलमध्ये रुतवा. शिसं वापरणार असाल तर ते पांढऱ्या फेविकॉलमध्ये कधीही बसवू नका. काही वर्षांत शिशावर प्रक्रिया होते, ते फुगतं आणि धडाची शिवण आतून उघडते. मी एका स्पिटफायरचं नाक असं फुटलेलं पाहिलंय.

चाकांबद्दल एवढंच सांगतो: नॅटच्या चाकांची झाकणं हवेत ब्रेक म्हणूनही वापरली जात. उभ्या विमानावर ती चाकाच्या पायाला धरून दिसली पाहिजेत, नुसती धडाला चिकटलेली नाहीत. ट्रेनरमध्येही तसंच आहे, त्यामुळे किटच्या सूचना पाळा.

रंग देण्याआधी राखाडी प्रायमरचा, म्हणजे अस्तराच्या रंगाचा, एक पातळ हात द्या आणि दिव्याखाली तिरपं धरा. जोडावर काय राहिलंय ते तिथे दिसेल. दुरुस्त करा, पुन्हा प्रायमर. माझ्या नॅटला असे पाच हात लागले. आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात असाल तर लॅकर रंग मारू नका. दमट हवेत तो सुकताना पांढुरका होतो. ॲक्रिलिक रंग या दिवसांत बरा पडतो.

1965 की 1971, याचाही विचार करा. 1965 च्या सप्टेंबरमध्ये आपली नॅट मुख्यतः उघड्या धातूची, चंदेरी होती. 3 सप्टेंबरला वैमानिक ट्रेव्हर कीलर यांच्या नॅटने पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानाशी झुंज घेतली ती त्याच रूपात. चंदेरी मॉडेल सुंदर दिसतं, पण चंदेरी रंग काहीच लपवत नाही. वॉटर पेपरचा प्रत्येक ओरखडा, जोडावरची प्रत्येक लाट त्यातून बोलते. कापलेल्या, भरलेल्या मॉडेलला कॅमोफ्लाज जास्त मानवतो, म्हणून 1971 ची तुमची निवड योग्य आहे. त्या काळातल्या हिरव्या-करड्या छटा विमानागणिक थोड्या वेगळ्या होत्या, तेव्हा एका ठरावीक रंगाच्या बाटलीवर विसंबू नका. त्या काळाचा फोटो समोर ठेवा. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात नॅट आहे, ते जरूर पाहा, चारी बाजूंनी फोटो काढा. आकारासाठी, पॅनेलच्या रेघांसाठी त्याच्यासारखा गुरू नाही. पण संग्रहालयातल्या विमानांवर नंतर रंग चढलेला असतो, म्हणून छटेसाठी त्याच्यावर विसंबू नका.

आपल्या हवाई दलाच्या गोल खुणेत बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या खुणा, घरी छापणार असाल तर एक अडचण येते: घरचा प्रिंटर पांढरा छापत नाही, आणि केशरी रंग पातळ असल्यामुळे हिरव्या कॅमोफ्लाजवर तो मळका तपकिरी दिसतो. आधी पांढऱ्या डेकल शीटमधून पूर्ण गोल कापून लावा, सुकू द्या, मग त्यावर छापलेला गोल. पंखावरच्या आणि शेपटीवरच्या खुणांनाही तेच. डेकल रेघांमध्ये नीट बसायला खास द्रावण नसेल तर पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर चालतो.

तुम्ही ज्यांचं विमान करताय त्यांच्याबद्दल एक सांगायचंय, कारण शेल्फवर ते पाहणारे विचारतील. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर सहा सेबर विमानं बाँब टाकत होती. 18 नंबरच्या स्क्वाड्रनचे सेखों त्या माऱ्यातच नॅट घेऊन उडाले आणि एकटे लढले. ते वाचले नाहीत. परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले ते आजवरचे एकटेच. त्याआधी तीन आठवडे, 22 नोव्हेंबरला, पूर्व सीमेवर बोयरा इथे मॅसी, गणपती, लाझारस आणि सोअरेस यांच्या चार नॅटनी सेबर पाडली होती. ही माणसं ज्या विमानात बसली ते किती छोटं होतं हे मॉडेल करतानाच कळतं. शेजारी त्याच स्केलचं सेबर ठेवून पाहा. मी माझ्याकडची दोन्ही एकाच पाटीवर ठेवलीत. पाहुणे आले की आधी सेबरकडे बघतात, मग नॅटकडे, आणि मग पुन्हा सेबरकडे.

पंखाखाली इंधनाच्या टाक्या लावायच्या की नाहीत हे तुमच्या फोटोवर सोडतो. पहिला काप घालण्याआधी धडाचे दोन्ही भाग टेपने जोडा, इनटेकच्या कडेपासूनच्या खुणा पेन्सिलने करा आणि त्याचा पट्टीसकट एक फोटो मला पाठवा. कापाची जागा एकदा दोघांनी मिळून पाहू.